मूकपटाचं मध्यंतर

आवाज नसलेल्या माणसाला टाळणं एकदम सोपं असतं. त्यानं तोंड उघडलं की आपण आपलं तोंड फिरवायचं. विषय संपला.

आबाबरोबर मी दोन वर्षं हेच करत आले. सारखं नाही. एरवी मी त्याच्या ओठांकडं टक लावूनच असायची, कारण आबाचं बोलणं अख्ख्या जगात फक्त मला कळायचं. तंबाखूनं त्याचा गळा खाल्ला. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली आणि मानेला पुढून भोक ठेवलं. श्वास आता तिथनं ये-जा करतो. जीभ, दात, ओठ सगळं जागच्या जागी आहे, पण तोंडात वाराच येत नाही. बासरी न फुंकता नुसती बोटं नाचवावीत, तसं.

आबा म्हणजे रंगराव वायदंडे, वायदंडे टुरिंग टॉकीजचा मालक. जत्रा जिथं, तिथं आमचा तंबू. पूर्वी तो जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारत फिरायचा आणि त्याचा आवाज ओढ्यापलीकडच्या वस्तीतनं लोकांना ओढून आणायचा. ऑपरेशननंतर गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातनं गांधीलमाशी बोलल्यासारखं यायचं. एका गावात पोरं तसाच आवाज काढत त्याच्यामागं लागली, तेव्हा आबानं ते कॅनॉलमध्ये भिरकावलं. तेव्हापासनं आबाचा आवाज म्हणजे मी.

आबा ओठ हलवायचा, "जरा सांभाळून घ्या म्हणावं." मी पाळणेवाल्याला सांगायची, "आबा म्हणतोय, तुमच्या जनरेटरचा धूर आमच्या तंबूत येतोय. हलवा, नाहीतर मी हलवते." आबा डोळे वटारायचा. जनरेटर हलायचा.

लोकांना वाटतं, बापासाठी पोरीनं नववीतनं शाळा सोडली. वाटू दे. खरं म्हणजे बाकावर बसलं की माझ्या पायांना मुंग्या यायच्या, आणि सरांनी सगळ्यांसमोर "तंबूवाल्यांची" म्हणल्यावर मी डस्टर मारला होता. नेमका लागला. आबाला हे माहीत होतं. म्हणून चार दिवस गेले की त्याचे ओठ एका ठरावीक आकारात यायचे. दात जवळ, ओठ पुढं. शा. शाळेतला शा. तो आकार दिसला की मला लगेच एखादा खांब तपासायचा असायचा. त्यानं मोबाइलवर टाइप करून दाखवलं की मी म्हणायची, बॅटरी वाचव. कराडला आत्या आहे, तिच्या घरासमोरच शाळा आहे. आबाचं बोलणं दुसऱ्या कुणाला कळायला लागलं, की दुसऱ्या दिवशी माझी पिशवी भरणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मला तंबू सोडायचा नव्हता. एवढंच.

मग चिंचोलीच्या जत्रेत नाझनीनताई आली.

नाझनीन मुजावर, कोल्हापूरची, जुने सिनेमे दुरुस्त करणारी इंजिनिअर. कुठल्याशा रंगाच्या दुकानाच्या माळ्यावर तिच्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट सापडला होता. नाव 'लोखंडी गडी'. आणि त्यांना तो तेव्हा जसा दाखवायचे तसाच दाखवायचा होता, तंबूत, खाली बसलेल्या लोकांना.

"मुका सिनेमा जत्रेत कोण बघणार?" मी म्हणलं.

"मुका नाही राहणार," ती म्हणाली आणि गाडीतनं एक पेटी काढली. शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. "याचं नाव बोलकं. मूकपटातली माणसं ओठ तर हलवायचीच ना? हे ते वाचतं."

सकाळी तंबू रिकामा असताना तिनं आम्हाला सिनेमा लावून दाखवला. आबा, मी आणि आमचे ऑपरेटर बापूकाका.

पडद्यावर पाटी आली: शके अमुक, इसवी सन २०२५, करवीर नगरी. मी फिसकन हसले. त्यांचं भविष्य आमच्या मागं जाऊन पडलं होतं. त्या भविष्यात मोबाइल नव्हता, पण रंकाळ्यावरनं उडणारी बैलगाडी होती. बैलांसकट. बैलांनासुद्धा पंख. चंद्राशी तारेनं बोलायचं यंत्र होतं आणि त्याच्याशेजारी पाण्याचा माठ. सगळ्यांच्या डोक्यावर फेटे. एक शास्त्रज्ञ हंडे, घागरी आणि कढया जोडून लोखंडी माणूस बनवतो, त्याला ढगातली वीज पाजतो, आणि तो गडी एका रात्रीत दहा एकर नांगरतो. मग गावातल्या माणसांना कामच उरत नाही. मला वाटलं होतं झोप येईल. मी पुढं सरकून बसले.

मग नाझनीनताईनं बोलकं चालू केलं.

नायिका पदर बोटाला गुंडाळत उभी होती. नायिका म्हणजे पुरुषच, तेव्हा बायका फारशी कामं करायच्या नाहीत. खाली पाटी: 'प्राणनाथ, या विद्युत्-युगातही आपले प्रेम अमर राहो.' आणि भोंग्यातनं चांगला जाडाभरडा आवाज आला, "चुना किती लावलास रं पानाला? जीभ पोळली."

नायक तिचा हात हातात घेऊन डोळे भरून म्हणाला, "गप. म्हातारा बघतोय."

बापूकाका खुर्चीवरनं पडायचे राहिले. आबाचे खांदे गदगदत होते. ती माणसं मेली त्याला किती वर्षं झाली असतील, पण कॅमेऱ्यापुढं ती जे खरं बोलली होती ते आज बाहेर येत होतं. त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नसणार की कुणी कधी ऐकेल. शास्त्रज्ञ वीज पाजताना म्हणत होता, सकाळपासनं चहा नाही. फक्त लोखंडी गडी गप्प. त्याच्या तोंडावर कढई होती, यंत्र तरी काय वाचणार.

मग खलनायक आला आणि त्यानं गड्याला लाथ घातली. त्याचे ओठ मला स्वच्छ दिसले. त्यानं अशी शिवी दिली होती की इथं लिहिता येणार नाही. भोंग्यातनं आलं, "हे तू बरं केलं नाहीस."

"ओ ताई," मी ओरडले, "खोटं बोलतंय हे!"

"काय खोटं?"

"तो आईवरनं बोलला. मला दिसलं की."

तिनं सिनेमा थांबवला. चिडली नाही, खूशच झाली. "तुला ओठ वाचता येतात? मग ऐक. अर्धे आवाज ओठांवर होतात, ते दिसतात. उरलेले आत, जिभेच्या मुळाशी आणि गळ्यात. ते कुणालाच दिसत नाहीत. त्यात तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला सोळा-सतरा चित्रं. जीभ त्याच्यापेक्षा चपळ. म्हणजे प्रत्येक वाक्यात भोकं. बोलकं काय करतं, लाखो माणसांचं बोलणं त्याला शिकवलंय, त्यावरनं अंदाज करतं की इथं साधारण माणूस काय म्हणाला असता. आणि तो तुकडा तिथं शिवतं."

"साधारण माणूस शिव्या देत नाही?"

"रेकॉर्डिंग चालू असताना नाही देत," ती हसून म्हणाली. "म्हणून हे जरा सोज्वळ झालंय. आणि आवाजाची जात ते जबड्यावरनं ठरवतं. रुंद जबडा, लांब मान, तर खर्ज. पेटीचं लाकूड बघून सूर ओळखावा तसं."

मी आबाकडं बघितलं. तो हसत नव्हता. खुर्चीच्या टोकावर येऊन ताईला काहीतरी सांगत होता. मला वाचायचं नव्हतं, पण वाचलं.

"काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

आबानं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"म्हणतोय," मी म्हणलं, "जित्या माणसाचे ओठ वाचतं का?"

नाझनीनताई पेटीकडं बघत राहिली. मग आबाच्या मानेवरल्या भोकाकडं. मग एकदम उठलीच. "कसं नाही वाचणार! जिवंत माणसावर तर हवी तेवढी चित्रं मिळतील. तुमचा जुना आवाज कुठं रेकॉर्ड आहे?"

बापूकाकांच्या मोबाइलमध्ये होता. जीपवरचा, सगळा.

तासाभरात तिनं आबाच्या तोंडापुढं बोटाएवढा कॅमेरा टांगला, टोपीला तार वाकवून. आबानं ओठ हलवले. आणि तंबूच्या चारी भोंग्यांतनं माझ्या बापाचा आवाज आला.

"हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग."

तोच. खालच्या पट्टीत जरा खरखरणारा. बापूकाका तोंडात उपरणं कोंबून तंबूबाहेर गेले. खोटं कशाला बोलू, मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आणि तेवढ्यात आबानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचे दात जवळ आले, ओठ पुढं आले.

"जनरेटर!" मी ओरडले आणि वायर ओढली. "जनरेटर तापलाय, वास येतोय!" आणि पळाले.

मागनं येऊन नाझनीनताईनं मला खांबाशी गाठलं. "वास-बिस काही येत नाहीये. काय झालं तुला? त्यांना आवाज मिळतोय."

"मिळू दे की."

"तुला नको आहे?"

"तुम्हाला काय करायचंय ओ?" मी म्हणलं. ती वाकून मी ओढलेली वायर परत जोडायला गेली. मला तिचं तसं न भांडता जाणं आवडलं नाही.

दुपारच्या खेळाला तंबू खच्चून भरला. मुका सिनेमा बोलणार ही बातमी पेढेवाल्यापासनं पैलवानांपर्यंत पोचली होती. पंख लावलेले बैल दिसल्यावर म्हातारी माणसं हात जोडायला लागली आणि पोरं शिट्ट्या मारायला लागली. नायिकेचा आवाज फुटला तेव्हा जो हशा उठला, त्यानं तंबूचं कापड फुगलेलं मी डोळ्यांनी बघितलं. पुढं बसलेल्या एका आजीनं नायकाला ओरडून सांगितलं, "तिला आधी पाणी दे की मुडद्या, तोंड पोळलंय तिचं!" आणि लोखंडी गडी नांगर ओढत एकटाच चालला होता, तेव्हा सगळा तंबू चिडीचूप. माझ्या शेजारचा एक दाढीवाला हळूच म्हणाला, "आमच्या कारखान्यात पण असंच आलंय."

मग मध्यंतर झालं आणि आबा पडद्यासमोरच्या फळीवर चढला. धुतलेला सदरा, टोपीला तार. मी बाजूला मेन स्विचच्या बोर्डापाशी उभी होते.

"चिंचोलीकर मंडळी," भोंगे बोलले, "वायदंडे टॉकीजचा राम राम."

गेल्या दोन वर्षांत आबाला बघितलेली माणसं होती तिथं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. कुणीतरी ओरडलं, "रंगराव, वाघ परत आला की रं!"

आबा पाणी प्याला. आणि वळला माझ्याकडं.

मी सवयीनं पाठ फिरवली. बोर्डावरचे फ्यूज मोजायला लागले.

"निशिगंधा," भोंग्यातनं आलं. "बाळ, तू पुन्हा शाळेत जावंस अशी माझी इच्छा आहे."

ही त्या पेटीची कमाल. आता पाठ केली तरी बाप ऐकू येत होता. डोळे मिटले तरी. चार भोंग्यांतनं, चारी बाजूंनी, मौत का कुआँच्या पलीकडपर्यंत.

"बरोबर हाय की!" आजी म्हणाली. "जा की गं पोरी."

"कितवीत हाय?"

"सोडलीय म्हणं."

"अगं बाई!"

माझ्या कानशिलांतनं वाफा निघाल्या. एक तर चारचौघांत. आणि दुसरं म्हणजे, बाळ? जन्मापासनं आबानं मला कधी बाळ म्हणलेलं नाही. इच्छा आहे म्हणे! आबा कधी असं बोलतो का? मी गर्रकन वळले. भोंगे म्हणत होते, "मला तुझ्या भवितव्याची काळजी वाटते." आणि आबाचे ओठ काहीतरी वेगळंच म्हणत होते, चांगलेच आपटत होते, आणि त्या आवाजाच्या गोंगाटात मला ते नीट वाचताच येईना. माझ्या बापावर कुणीतरी इस्त्री फिरवलेला बाप बसवला होता, आणि लोक त्यालाच टाळ्या देत होते.

मी स्विच खाली ओढला.

तंबू काळाठिक्कर झाला, नुसता दारातनं येणारा उजेड. लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज!" नाझनीनताई पेटीपासनं धावत आली. "निशिगंधा, काय करतेस? चालू कर. ते बोलतायत!"

ते मला दिसत होतं. दाराच्या उजेडात आबा उभा होता. भोंगे गेल्याचं त्याला कळलं होतं. तो थांबला. हात खाली पडले. मग त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता ही परत पाठ फिरवणार. त्याला सवय होती त्याची. रागावलासुद्धा नव्हता. मला तेच सहन झालं नाही. रागावला असता तर मी बघून घेतलं असतं.

स्विच माझ्या हातात होता. वर केला तर इस्त्रीवाला बाप. तसाच ठेवला तर कुणीच नाही.

मी बोर्ड सोडला आणि फळीवर चढले. आबाच्या समोर, हातभर अंतरावर.

"बोल," मी म्हणलं. "बघतेय."

त्याचा विश्वास बसेना.

"बोल की! लोक खोळंबलेत."

त्याचे दात जवळ आले. ओठ पुढं आले. मी मान जागची हलवली नाही. आणि लोकांकडं तोंड करून, माझा गळा जेवढा चालतो तेवढ्या मोठ्यानं सांगायला लागले.

"आबा म्हणतोय: भवाने, शाळेत जा!"

तंबू हसला. आबासुद्धा दचकला.

"आबा म्हणतोय: दोन वर्षं सांगतोय, आणि ही खांब मोजत बसती! आबा म्हणतोय, माझ्यासाठी शाळा सोडली म्हणून गावभर सांगती, डस्टर मारलेला सांगत नाही!" हे ओरडताना माझा आवाज जरा चिरकला, पण मी एक शब्द गाळला नाही. "आबा म्हणतोय, माझं बोलणं बोलून बोलून हिला स्वतःचं काय बोलायचं तेच कळंना झालंय. मी मेल्यावर ही कुणाचं बोलणार?"

आता कुणी हसत नव्हतं. आबाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचं मला भाषांतर करता येईना.

"झालं?" मी विचारलं. त्यानं मान हलवली.

"आता निशिगंधा वायदंडे बोलते," मी लोकांना म्हणलं. "मी वर्गात बसणार नाही. बसले तर परत डस्टर चालेल. सतरा नंबरचा फॉर्म भरते, बाहेरनं दहावी देते. आठवड्यातनं दोन दिवस तालुक्याला शिकायला जाते. पण मुक्काम तंबूतच. आत्याकडं नाही."

आबाचे ओठ हलले.

"काय म्हणतोय, काय म्हणतोय?" आजी ओरडली.

"म्हणतोय, नापास झालीस तर?"

"मग? झालीस तर?" आजीनं विचारलं.

"तर लोखंडी गड्याच्या जागी मला जुंपा!" मी म्हणलं. तंबूचं कापड परत फुगलं.

सिनेमाचा उरलेला भाग आम्ही बोलक्यावरच दाखवला. गडी शेवटी विहिरीत उडी घेतो आणि गावाला पाणी लागतं. लोकांनी पैसे उधळले पडद्यावर, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी.

संध्याकाळी नाझनीनताई तारा गुंडाळत म्हणाली, "पेटी मी इथं ठेवून जाऊ शकते. पण तुझ्या बाबांना साधारण माणूस समजतेय ती. तिला शिकवायला लागेल. ते एक वाक्य बोलणार, आणि खरं काय बोलले ते कुणीतरी तिला सांगायचं. शेकडो वेळा. मग ती त्यांची भोकं त्यांच्याच बोलण्यानं भरेल."

"कुणीतरी म्हणजे?"

"दुसऱ्या कुणाला येतं?"

मला कळत होतं ती काय मागतेय ते. पेटीला आबा शिकवला की आबाला मी लागणार नाही. पंचायतीशी तो स्वतः बोलेल. पाळणेवाल्याशी स्वतः भांडेल, किंवा भांडणारच नाही, तो त्याचा प्रश्न.

"आई असताना तंबाखू सोड म्हणून ओरडायची, तेव्हा आबा काय म्हणायचा माहितीय का तुम्हाला?" मी म्हणलं. "ते पण शिकवू?"

"तेच आधी शिकव," ती म्हणाली.

जत्रा उठेपर्यंत आम्ही रोज सकाळी बसलो. आबा बोलायचा, पेटी काहीतरी गुळचट म्हणायची, मी दुरुस्त करायची. आबाला हळूहळू मजा यायला लागली. मुद्दाम अवघड बोलायचा, आजोळच्या शिव्या काढायचा, ज्या मीही पहिल्यांदाच बघत होते. पेटी अडखळायची. मग अडखळायची थांबली. एके दिवशी मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. आबा आणि मी एकमेकांकडं बघत बसलो. मग तो भोंग्यातनं म्हणाला, "बसलीस काय? चहा टाक." मी टाकला. अगोदर दोन शब्द सुनावून.

पुढचा मुक्काम रहिमतपूरजवळ. पहिल्या शिकवणीला मी एकटी निघाले. स्टँडवर गर्दी होती, एसटी लागली होती. मी खिडकीची जागा धरली. तेवढ्यात बाजारपेठेतनं आमची जीप आली. बापूकाका चालवत होते आणि आबा मागं उभा, टोपीला तार, एक हात भोंग्यावर. दुपारच्या खेळाची पुकार चालली होती. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मधे एका ठिकाणी त्यानं गावाचं नाव चुकवलं, चिंचोली म्हणाला. माझे ओठ आपोआप हलले. मी ते दातांत धरले.

आबानं मला खिडकीत बघितलं. पुकार थांबली.

"ए भवाने!" सगळा बाजार वळला. "डबा घेतलास का?"

एसटीतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. कंडक्टरसुद्धा.

"घेतला!" मी खिडकीतनं ओरडले. "आणि हे रहिमतपूर आहे! ओरडू नकोस एवढं!"

तो मुद्दाम आणखी मोठ्यानं ओरडला.